हॉटेल मॅनेजमेंटचे ट्रेनिंग : आधी कागद, मग काम

वाचकहो, शेतीच्या पानावर हॉटेलचा विषय कुठून आला, असे तुम्हाला वाटेल. पण सोयाबीन-कापसाच्या ज्या पैशावर घरची चूल चालते, त्याच पैशावर पोरांची फी भरली जाते. त्या फीचे चीज झाले नाही तर ते नुकसानही शेतीचेच. फक्त त्याचा पंचनामा होत नाही, एवढाच फरक.

दोन वर्षांपूर्वीच्या खरिपात सोयाबीनच्या पाहणीसाठी सेलू तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. पाहणी झाली, पंप धुवून ठेवला, आणि एका शेतकऱ्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. ‘साहेब, दुखणं पिकाचं न्हाई, पोराचं हाय. हे जरा वाचा.’ कागद कॉलेजचा होता. त्यात लिहिले होते की, आपल्या पाल्याने केलेले औद्योगिक प्रशिक्षण ग्राह्य धरता येत नाही, ते पुन्हा पूर्ण करावे.

‘आबा, पोराला फोन लावा,’ म्हटले. पोराकडून कळले ते असे. तो हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीला दुसऱ्या वर्षात. एक सहामाही हॉटेलात ट्रेनिंग करायचे, हे अभ्यासक्रमातच आहे. कॉलेजच्या यादीतून त्याला मिळालेले हॉटेल मुंबईत. खोलीचे भाडे, जाण्या-येण्याचा खर्च, हे गणित घरी काही बसेना. तेवढ्यात ओळखीच्या एका माणसाने दुसऱ्या शहरातल्या एका हॉटेलात चिकटवून दिले. राहणे-खाणे फुकट, म्हणून घरचेही खूश. पाच महिने पोरगं राबलं. कांदे सोलले, भांडी उचलली, रात्री काउंटरवर बसलं. शेवटी मालकाने लेटरहेडवर चार ओळींचा दाखला दिला.

कॉलेजने विचारले, परवानगीचे पत्र कुठे? कोणत्या विभागात किती दिवस काम केले? हजेरी कुठे? लॉगबुक कुठे? यातले काहीच नव्हते. पाच महिने शून्य धरले गेले आणि पदवी एक वर्ष लांबली.

कॉलेजचा नियम चूक म्हणता येत नाही आणि पोराची मेहनतही खोटी म्हणता येत नाही. चुकला तो क्रम. वाफसा यायच्या आधी पेरणी केली तर बियाणे कितीही चांगले असले तरी उगवत नाही, तशातला हा प्रकार. हा क्रम नेमका काय, तेवढ्यासाठी आजचा लेख.

आपल्या गावात येणारे कृषिदूत

ट्रेनिंगचे मार्क कसे मिळतात, हे समजायला लांब जायला नको. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या आणि संलग्न महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना तुम्ही गावात पाहिले असेल. कोणी बीजप्रक्रिया करून दाखवते, कोणी माती परीक्षणाचा नमुना घेते. त्यांना आपण कृषिदूत, कृषिकन्या म्हणतो. ती मुले हौसेने आलेली नसतात. ग्रामीण कृषी कार्यानुभव हा त्यांच्या पदवीचा भाग आहे. पाचव्या अधिष्ठाता समितीच्या अभ्यासक्रमात या कार्यानुभवाला, त्याला जोडलेल्या कृषी-उद्योगातील अनुभवासह, २० आठवडे आणि २० क्रेडिट दिलेले आहेत.

ही मुले आली की पहिल्यांदा कॉलेजचे पत्र दाखवतात. मग गाव ठरते, शेतकरी ठरतो, रोजची डायरी लिहिली जाते, तिच्यावर सही होते आणि शेवटी प्राध्यापक येऊन तपासतात. डायरीवर सही नसेल तर काम होऊनही मार्क अडतात. हॉटेलच्या ट्रेनिंगचेही अगदी तसेच आहे. शेताच्या जागी हॉटेल आणि शेतकऱ्याच्या जागी तिथला विभागप्रमुख, एवढाच बदल.

क्रेडिट म्हणजे काय ?

क्रेडिट म्हणजे शिकण्याच्या तासांचे माप. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीसाठी जो क्रेडिट आराखडा दिला, त्यात आंतरवासिता किंवा क्षेत्रीय कामाचे ३० तास म्हणजे १ क्रेडिट असा हिशेब आहे. म्हणजे ४ क्रेडिटसाठी १२० तास. रोज आठ तास धरले तर पंधरा दिवसांचे काम. बी.ए., बी.कॉम.च्या मुलांना नव्या शैक्षणिक धोरणात जी आंतरवासिता आली आहे, ती साधारण एवढीच असते.

हॉटेल मॅनेजमेंटचे मात्र वेगळे. तिथे बहुतेक पदवी अभ्यासक्रमांत चार-पाच महिने, म्हणजे जवळजवळ एक अख्खे सत्र, ट्रेनिंगला दिलेले असते. आता कोणी म्हणेल, २० आठवडे, आठवड्याला सहा दिवस, रोज आठ तास म्हणजे ९६० तास झाले. तीसने भागले तर ३२ क्रेडिट मिळाले पाहिजेत. तसे होत नाही. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत ट्रेनिंगसमोर जो आकडा छापला आहे तेवढेच क्रेडिट मिळतात, जास्त तास भरले तरी.

क्रेडिट जमा ठेवण्यासाठी २०२१ साली ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ सुरू झाली. विद्यार्थ्याच्या नावाचे खाते असते आणि त्यात क्रेडिट जमा होतात. पण लक्षात घ्या, या खात्यात भरणा हॉटेल करत नाही, कॉलेज आणि विद्यापीठ करते. मोंढ्यात माल कितीही आणा, काट्यावर वजन झाले नाही तर पट्टी निघत नाही. हॉटेल हे शेत आणि कॉलेज हा काटा, एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मे काम झाले.

आपला कोर्स कोणाचा ?

हॉटेल मॅनेजमेंट हे नाव एक असले तरी कोर्स तऱ्हेतऱ्हेचे आहेत. दादरची केंद्रीय संस्था १९५४ साली सुरू झालेली, या क्षेत्रातली देशातली जुनी शाळा. तिच्यासारख्या संस्था १९८२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय परिषदेच्या अभ्यासक्रमाने चालतात. त्यांची प्रवेश परीक्षा देशपातळीवर होते. दुसरा प्रकार विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांचा. त्यांच्या चार वर्षांच्या पदवीसाठी राज्याची सीईटी असते. पुण्यात शिवाजीनगरला राज्य शासनाची संस्था आहे. आपल्या मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला मौलाना आझाद ट्रस्टच्या आवारात ताज गटाच्या सहकार्याने उभी राहिलेली संस्था आहे. याशिवाय पदविका आहेत, आणि गल्लोगल्ली निघालेल्या अकॅडम्याही आहेत.

प्रत्येकाचा ट्रेनिंगचा नियम वेगळा. म्हणून शेजारच्या पोराने काय केले ते विचारू नका, आपल्या कोर्सची पुस्तिका मागा. प्रवेश घेतानाच तीन प्रश्न विचारावेत. पदवी किंवा पदविका कोणत्या विद्यापीठाची अथवा मंडळाची? ट्रेनिंग किती आठवड्यांचे व किती क्रेडिटचे? जागा कॉलेज देते की विद्यार्थ्याने शोधायची? ‘नंतर बघू’ असे उत्तर आले तर पुढे आपल्यालाच बघावे लागते, असे समजा.

जागा शोधायची कशी ?

पहिला दरवाजा कॉलेजचाच. तिथे ट्रेनिंग आणि प्लेसमेंटचे काम पाहणारे प्राध्यापक असतात. सत्र सुरू व्हायच्या तीन-चार महिने आधी त्यांना भेटावे. यादीतले हॉटेल परवडणार नसेल तर ते तोंडावर सांगावे. लाज धरू नये. आबांच्या पोराने इथेच माघार घेतली. ‘सर काय म्हणतील’ म्हणून तो गप्प बसला आणि परस्पर दुसरीकडे गेला. विचारले असते तर कदाचित जवळचे हॉटेल मंजूर होऊन आले असते.

दुसरा दरवाजा स्वतः शोधण्याचा. पुष्कळ कॉलेजे विद्यार्थ्याने शोधलेली जागाही मान्य करतात, मात्र मंजुरी आधी पाहिजे. मोठ्या हॉटेलात मालकाला भेटायचे नसते, एच.आर. विभागाला अर्ज करायचा असतो. सेलूच्या पोरांना रेल्वेची सोय आहे. याच लाईनवर एका बाजूला छत्रपती संभाजीनगर आणि दुसऱ्या बाजूला नांदेड. संभाजीनगरला वेरूळ-अजिंठ्यामुळे मोठी हॉटेले उभी राहिली आणि औद्योगिक वसाहतीमुळे ती बारमाही चालतात. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यामुळे देशभरातून यात्रेकरू येतात. २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याने ते शहर पाहुण्यांसाठी किती बदलले हे आपण पाहिलेच आहे. शिर्डीतही लहान-मोठी पुष्कळ हॉटेले आहेत. मुंबई-पुण्यालाच जावे लागते असे नाही. नातेवाइकाकडे राहायची सोय असेल ते शहर आधी धरावे.

अर्जात चार गोष्टी आल्या पाहिजेत : आपले नाव व कॉलेज, कोर्सचे वर्ष, ट्रेनिंग कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि चारही विभागांत काम मिळावे अशी विनंती. सोबत कॉलेजचे पत्र, बोनाफाईड, गुणपत्रिका आणि एका पानाची माहिती. अर्ज इंग्रजीत द्यावा लागतो. सरांकडून तपासून घ्यावा, दुकानातून टाईप केलेला तयार नमुना तसाच देऊ नये. आठ दिवसांत उत्तर आले नाही तर फोन करावा. एकाच ठिकाणी अर्ज करून वाट पाहत बसू नये. पाच-सहा ठिकाणी करावा.

चांदण्या मोजू नका, विभाग मोजा

पंचतारांकित हॉटेल मिळाले की पेढे वाटले जातात. चांगले आहे. पण ट्रेनिंगची किंमत चांदण्यांवर नाही. हॉटेलचे मुख्य विभाग चार : पाहुण्याची नोंद आणि हिशेब ठेवणारा फ्रंट ऑफिस, खोल्या व स्वच्छता पाहणारा हाऊसकीपिंग, स्वयंपाकाचा म्हणजे किचन, आणि वाढणाऱ्यांचा म्हणजे सर्व्हिस. ट्रेनिंग म्हणजे या चारही विभागांतून ठरावीक आठवडे फिरणे. ज्या हॉटेलात चार महिने एकाच कोपऱ्यात उभे करतात, तिथे मजूर तयार होतो, हॉटेलचा माणूस तयार होत नाही. म्हणून रुजू होण्याआधीच विभागवार वेळापत्रक लेखी मागावे.

साधे पण व्यवस्थित चालणारे हॉटेल यात पुष्कळदा सरस ठरते. मोठ्या ठिकाणी वीस पोरे एका किचनमध्ये असतात, कढईला हात लागत नाही. लहान ठिकाणी जबाबदारी लवकर मिळते. मात्र कॉलेजची अट पाहावी. काही ठिकाणी किती दर्जाचे हॉटेल चालेल हे लिहिलेले असते.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्याच्या मुलांसाठी. शक्य झाल्यास आठवडाभर स्टोअरमध्ये काम मागावे. माल तिथे उतरतो. कोथिंबीर सकाळची की कालची, टोमॅटो वाहतुकीत किती टिकेल, फुलकोबी साफ केल्यावर किती उरेल, हे शहरातल्या पोराला शिकावे लागते. आपल्या पोराला हात लावताच कळते. आणि मोठे हॉटेल माल कसा निवडते, कसा परत करते, बिल किती दिवसांनी देते, हे पोरगं शिकून आलं तर त्याचा उपयोग बापालाही होतो.

रुजू होण्यापूर्वीचे कागद

आता क्रम सांगतो. तो उलटा करू नका.

१) कॉलेजने त्या हॉटेलच्या नावे दिलेले शिफारसपत्र.
२) हॉटेलचे होकारपत्र. त्यात सुरू होण्याची व संपण्याची तारीख, कामाचे तास, साप्ताहिक सुटी, विद्यावेतन असेल तर किती, आणि जेवणाची सोय लिहिलेली असावी.
३) ते होकारपत्र कॉलेजात दाखवून घेतलेली लेखी मंजुरी. या कागदाशिवाय गाडीत बसू नये.
४) वैद्यकीय दाखला. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनुसार अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा तपासणी आणि विषमज्वर गटाच्या रोगांची लस आवश्यक आहे. सरकारी दवाखान्यात आधीच करून घ्यावी.
५) लॉगबुक आणि मूल्यमापनाचे फॉर्म. हे कॉलेजातूनच घेऊन जावे. परत आल्यावर भरता येत नाहीत.

सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढून एक संच घरी पेटीत ठेवावा. सातबारा जपतो तसा जपावा.

पैसा आणि फसवणूक

विद्यावेतन प्रत्येक हॉटेलचे वेगळे असते, काही ठिकाणी नसतेही. ड्युटीवरचे जेवण साधारणपणे मिळते, राहण्याची सोय मात्र बहुधा स्वतःची. त्यामुळे खोली, प्रवास, काळे बूट, पांढरा कोट यांचा खर्च प्रवेशाच्या वेळीच धरून ठेवावा. ऐन पेरणीत किंवा काढणीत ही मागणी आली की सावकाराची पायरी चढावी लागते.

ट्रेनिंग लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका. परदेशात ‘पगारी ट्रेनिंग’ म्हणून फिरणाऱ्या एजंटांपासून तर चार हात लांब. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. ती तपासल्याशिवाय आणि कॉलेजला विचारल्याशिवाय पासपोर्ट कोणाच्या हातात देऊ नये. पर्यटनाच्या व्हिसावर काम करता येत नाही, एवढे तर घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे.

अजून एक गैरसमज. २०२४ साली राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणि केंद्राची प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना आली. या नावांमुळे काही पालकांनी आपली कॉलेजात शिकणारी मुले तिथे लावायची धडपड केली. या योजना शिक्षण चालू असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आखलेल्या नाहीत. कॉलेजच्या क्रेडिटशी त्यांची गल्लत करू नये.

मुलींच्या पालकांसाठी

मुलीला हॉटेलात कसे पाठवायचे, हा प्रश्न आपल्याकडे अजून विचारला जातो. विचारण्यात चूक नाही, पण उत्तर ‘नकोच’ असे असू नये. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी मुलींनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसे काम करतात तिथे अंतर्गत तक्रार समिती असणे बंधनकारक आहे. समितीवर कोण आहे, रात्रपाळी असेल तर घरी सोडायची गाडी आहे का, हे रुजू होण्यापूर्वी पालकांनी सरळ विचारावे. चांगले हॉटेल याचा राग मानत नाही. राग आला तर समजावे, हे ठिकाण आपले नव्हे.

काम चालू असताना

शिफ्ट कधी सकाळी सातला, कधी रात्री अकराला. दिवसभर उभे राहावे लागते, पहिले पंधरा दिवस पाय सुजतात. शेतात राबलेल्या पोराला कष्टाचे भय नसते, पण ओरडा खायची सवय नसते. मोठ्या आचाऱ्याचा ओरडा हा शिकवण्याचाच भाग असतो, तेवढ्यावरून गावी परत येऊ नये. मात्र मारहाण, बारा-चौदा तासांची रोजची ड्युटी, आजारपणात सुटी नाकारणे, हे शिकवणे नव्हे. तसे घडले तर आधी कॉलेजला लेखी कळवावे. न सांगता निघून आले तर चूक विद्यार्थ्याच्या नावावर पडते.

लॉगबुक रोज लिहावे. आज काय केले, काय नवे पाहिले, काय चुकले, चार ओळी पुरेत. दर आठवड्याला विभागप्रमुखाची सही घ्यावी. शेवटच्या दिवशी चार महिन्यांच्या सह्या मागायला गेले तर तो माणूस बदलून गेलेला असतो. विभाग बदलताना त्या विभागाचा मूल्यमापन फॉर्म भरून घ्यावा. निघताना हजेरीचा तक्ता आणि तारखांसह प्रमाणपत्र घ्यावे, आणि ते त्याच आठवड्यात कॉलेजात जमा करून पोच घ्यावी. शेवटी क्रेडिट खात्यात चढले की नाही हे निकालानंतर पाहावे. नाही चढले तर तेव्हाच अर्ज द्यावा, पदवीच्या वेळी नव्हे.

आबांच्या पोराचे काय झाले, हे सांगायचे राहिले. पुढच्या सत्रात तो पुन्हा ट्रेनिंगला गेला. या वेळी सरांना भेटून घरची अडचण सांगितली. संभाजीनगरचे एक मध्यम हॉटेल मंजूर झाले आणि मावशीकडे राहायची सोय झाली. चारही विभाग झाले, सह्या झाल्या, क्रेडिट चढले. एक वर्ष गेले ते मात्र परत आले नाही. आबांनी त्या वर्षाची फी भरायला जोडीतला एक बैल विकला होता. परवा बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, ‘पोराला यश आलं, पर बैल काही परत आला न्हाई. साहेब, तुम्ही हे कुठंतरी लिहा, दुसऱ्याचा तरी वाचंल.’

म्हणून लिहिले. ज्यांची मुले यंदा या कोर्सला आहेत त्यांनी आज संध्याकाळी फोन करून एवढेच विचारावे : ट्रेनिंग कधी आहे, आणि मंजुरीचे पत्र हातात आहे का?